पाषाणाच्या पोटातील गुहा

पाषाण म्हणजे कठोर आणि नीरस, अशी लोकांची समजूत आहे. निर्दय माणसाला ‘पाषाणहृदयी’ म्हणतात ते याच समजुतीने. परंतु वाशीम जिल्ह्यातील रिठद गावाच्या शिवारात काळ्या मातीखाली जो खडक आहे, त्याचे हृदय कधी कधी स्फटिकांनी भरलेले असते.

हा खडक म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर आले व थिजले. थिजताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले. अशा रीतीने दगडाच्या पोटात लहानमोठ्या गुहाच तयार झाल्या. पुढे भेगांतून झिरपणारे पाणी विरघळलेली खनिजे त्या पोकळ्यांत आणीत राहिले आणि त्यांच्या भिंतींवर कणाकणाने स्फटिक वाढले. आंध्र प्रदेशातील बोरा गुहांत चुनखडकातून ठिबकणाऱ्या पाण्याने लवणस्तंभ घडविले. बेसॉल्टमध्ये पाण्याने आपली कारागिरी अशा बंद कोठड्यांत केली.

विहीर खणताना सुरुंगाने खडक फुटतो, तेव्हा या कोठड्यांत प्रथमच सूर्यप्रकाश शिरतो. ढिगाऱ्यातील चमकणारा तुकडा मुलांच्या हाती लागला, की कोणी त्यास हिरा म्हणतो, तर कोणी गारगोटी. दोन्ही निवाडे घाईचेच! चमक ही दगडाची खरी ओळख नव्हे. त्याची परीक्षा घ्यावी लागते.

फ्रीडरिश मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी लावली. तीत कॅल्साइट ३ वर, गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर आहे. चाकूच्या टोकाने गारगोटीवर ओरखडा उठत नाही. उलट तीच काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइटवर मात्र ओरखडा सहज उठतो आणि त्याच्या पुडीवर लिंबाचा रस टाकताच बारीक बुडबुडे येतात. चाकूने ओरखडा उठतो, परंतु बुडबुडे येत नाहीत, आणि स्फटिक ज्वारीच्या पेंढीप्रमाणे मध्ये आवळलेले व टोकांशी फुललेले दिसतात, तर तो बहुधा स्टिल्बाइट समजावा. तो झिओलाइट कुळातला. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असे खनिज तापविले, तेव्हा त्यातून वाफ निघून ते उकळल्यासारखे दिसले. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्यास ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले.

ज्याची ओळख पटत नाही, तो दगड इतर दगडांबरोबर फुटतो आणि खडी होऊन रस्त्याखाली जातो. लक्षावधी वर्षांची घडण हातोड्याच्या एका घावाने संपते; ती पुन्हा जुळविता येत नाही. म्हणून सापडलेला स्फटिक जपून ठेवावा, परीक्षा त्याच्या गळून पडलेल्या कणांवर करावी, आणि तो कोणत्या विहिरीतून, किती खोलीवरून निघाला हे चिठ्ठीवर लिहून ती त्याच्याजवळ ठेवावी. ओळख पटली म्हणजे पाषाणालाही हृदय असल्याचे उमगते.