घरधनिणीच्या हाताला झेपेल असे हत्यार

मथळा वाचून तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरात बायकांच्या हाती रिव्हॉल्वर देण्याची ही कसली शिकवण? तुमचे म्हणणे रास्त आहे. जो गावठाणात भिंतीला भिंत लावून राहतो, त्याच्यासाठी हे लिहिलेले नाही. पण आमच्यासारखे मळ्यात, वस्तीवर राहणारे पुष्कळ आहेत. रात्री हाक मारली तर शेजारचा माणूस उठून येईपर्यंत अर्धा तास जातो. त्यांच्या घरी हा विषय कधी ना कधी निघतोच, आणि निघाला की पुरुषमाणूस आपल्या हाताच्या मापाने हत्यार ठरवतो. त्यासाठी हे चार शब्द.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, तरी गावात सगळे 'मेजर'च म्हणतात. ऊस गळिताच्या हंगामात एका साखर कारखान्यावर रात्रीची राखणदारी करतो. म्हणजे ऐन थंडीचे दिवस मी रात्री घरी नसतो. वस्तीवर सौ., ऐंशी ओलांडलेली माझी आई, दोन म्हशी आणि एक कुत्रा. गेल्या दोन वर्षांत आमच्या शिवारात दोन वस्त्यांवर चोरटे आले. एके ठिकाणी म्हातारीच्या कानातले ओरबाडून नेले, कानाची पाळी फाटली. तेव्हापासून आई झोपताना कान पदराने बांधते.

सौ.च्या हातांची गोष्ट वेगळी आहे. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, ती तुम्हाला आठवत असेल. ताप आठवड्यात गेला, पण सांधे धरले ते धरलेच. त्यात तीस वर्षे हाताने धारा काढलेल्या, त्यामुळे अंगठ्याचे मूळ झिजले आहे. आता लोणच्याच्या बरणीचे झाकण तिला उघडत नाही. लुगडे पिळायचे तर एक टोक खांबाला अडकवून पिळते. अशा हातात काय द्यायचे, हा प्रश्न होता.

आधी कायद्याचे सांगतो, कारण त्यात भले भले चुकतात. घरात नवऱ्याच्या नावावर बंदूक आहे, तीच वेळ पडली तर बायको चालवील, असे कोणी धरून चालू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याचे. बायकोला हवे असेल तर तिच्या नावाने वेगळा अर्ज करावा लागतो. आपल्या जिल्ह्यात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. २०१६ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरचा दाखला लागतो आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. अर्जाच्या आधी दुकानात जाऊन बघायला मात्र कोणाची हरकत नसते. आम्ही तसेच केले.

बारा बोरची दुनळी बंदूक खेड्यात जास्त दिसते, पण दुखऱ्या हाताला तिचा उपयोग नाही. तीन किलोचा भार दोन हातांनी उचलून खांद्याला लावायचा आणि वर तिचा दणका सोसायचा. तो विषय तिथेच संपला.

राहिले पिस्तूल आणि रिव्हॉल्वर. लोक दोन्हींना पिस्तूलच म्हणतात, पण दुखऱ्या हाताच्या दृष्टीने दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिस्तुलात गोळ्या मॅगझिनमध्ये एकावर एक दाबून भरायच्या, तीही अंगठ्याने, स्प्रिंगच्या विरुद्ध. मग वरची स्लाइड मागे खेचून सोडायची. आपल्याकडच्या सरकारी कारखान्याच्या ०.३२ बोरच्या पिस्तुलाची ही स्प्रिंग चांगलीच ताठ असते. सौ.ने दुकानात दोनदा खेचून पाहिली. पहिल्यांदा स्लाइड अर्ध्यावर आली, दुसऱ्यांदा तीही नाही. एक युक्ती आहे. स्लाइड छातीजवळ घट्ट धरायची आणि मूठ पुढे ढकलायची. त्याने जमते, पण रोज जमेलच असे नाही. शिवाय पिस्तूल उडवताना मनगट ढिले राहिले तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामे काडतूस अडकून बसते. ते काढायला पुन्हा हाताचीच ताकद हवी. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने २०१८ साली खास कमी ताकदीच्या हातासाठी सोप्या स्लाइडचे पिस्तूल काढले, पण ते आपल्या गावच्या दुकानात मिळायचे नाही. आपल्याला आपल्याकडच्या मालातूनच निवडायचे आहे.

रिव्हॉल्वरचे यंत्र सोपे असते. चक्रीत सहा गोळ्या ठेवा, बंद करा, झाले. खेचायचे काही नाही. एखादी गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढची समोर येते. म्हणून माझे मत रिव्हॉल्वरकडे. पण तिथे अडचण चापाची आहे, आणि ती नीट समजून घ्या.

बोटाने ओढतो तो चाप, आणि मागे असतो व काडतुसाच्या टोपीवर आपटतो तो घोडा. घोडा न चढवता नुसता चाप ओढला तर त्याच ओढीने चक्री फिरते, घोडा मागे जातो आणि सुटतो. त्याला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, बनावटीप्रमाणे थोडा कमी-जास्त. तोच घोडा आधी अंगठ्याने मागे चढवून ठेवला तर दीड ते अडीच किलोत काम होते. आता हे वजन हाताला कसे समजावे? कांद्याच्या पिशव्या तोलायचा हुकाचा स्प्रिंग काटा तुमच्या घरी असेलच. तो दाराच्या कडीला अडकवा, हुकात सुतळीची अढी घाला, तर्जनी अढीत घालून ओढा आणि काटा किती दाखवतो ते पाहा. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा हा काटा खरे बोलतो.

आणि हे ओढणे पहाटे करून पाहा, दुपारी नाही. संधिवाताचे हात दुपारी उन्हात बरे चालतात. पहाटे तीन-चारला, थंडीत, अंथरुणातून उठल्या उठल्या बोटे लाकडासारखी असतात. चोर काही आपल्या सोयीने दुपारी येत नाही. सौ.चा काटा दुपारी चार किलो दाखवायचा, पहाटे तीनच्या आसपास. म्हणजे नुसता चाप ओढून गोळी सुटणे तिच्या हाती नाही, हे दुकानात जाण्याआधीच आम्हाला कळले होते.

दुकानात तीन रिव्हॉल्वर पाहिली. हत्यार रिकामे आहे हे तिने स्वतः चक्री उघडून तपासले, मगच हातात घेतले. पहिले 'निर्भीक'. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन अर्धा किलो, त्या वेळची किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते हातात येताच कोणाही बाईचा चेहरा खुलतो. दुकानदारही म्हणाले, "वहिनी, हेच घ्या, पर्समध्ये मावते." आमच्या वहिनींकडे पर्स नाही, कापडी पिशवी आहे, हे त्यांना कोण सांगणार! पण हलके म्हणजे सोपे, ही समजूत या धंद्यात खरी नाही. खडकावरून रिकामी बैलगाडी कशी उडते आणि भरलेली कशी दबून चालते, ते तुम्ही रोज पाहता. हत्याराचेही तसेच. गोळी तीच असली तर हलके हत्यार हातात जास्त उसळते, आणि तो दणका नेमका अंगठ्याच्या मुळावर बसतो. ज्याला हत्यार दिवसभर कमरेला बाळगायचे आहे, त्याने वजन कमी पाहावे. ज्याचे हत्यार घरातच राहणार, त्याने दोनशे ग्रॅम जास्त असलेले बरे.

दुसरे जुन्या घडणीचे ०.३२, वेब्लीच्या धर्तीचे, सातशे ग्रॅमच्या आसपास. वरची खिट्टी दाबली की नळी पुढे मोडते आणि रिकामी काडतुसे एकदम वर येतात. काडतूस एक-एक उपसून काढायचे नाही, ही मोठी सोय. खिट्टी मात्र ताठ होती. तिसरे 'प्रबल'. कानपूरच्याच सरकारी कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणले, वजन तेवढेच, पण चक्री बाजूला उघडते आणि चाप आधीच्यांपेक्षा हलका.

सौ.ने तिन्ही वेळा एकच गोष्ट केली. मूठ दोन्ही हातांत धरली आणि घोडा डाव्या अंगठ्याने चढवून पाहिला. तिचा डावा अंगठा उजव्यापेक्षा चांगला आहे, हे मला पलटणीतल्या कुठल्या पुस्तकाने सांगितले नसते. मग तर्जनी चापापर्यंत कशी पोचते ते पाहिले. बोटाचे नुसते टोक पोचत असेल तर जोर निम्मा होतो, पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर बसायला हवा. मुठीच्या जाडीचेही आहे. दुखऱ्या हाताला बारीक मूठ आवळता येत नाही. खुरप्याच्या मुठीला आपण सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो ते याच कारणाने. तिला जाड मुठीचे हत्यार धरायला सोपे गेले. "अहो, हे माझ्या हातात बसते, ते पहिले हातातून पळते," असे ती म्हणाली. तिने 'प्रबल' बाजूला काढले. मी मध्ये बोललो नाही.

घोडा चढवून उडवायचे ठरले, की एक जोखीम येते. घोडा चढवला आणि उडवायची वेळच आली नाही, तर तो हळूच खाली उतरवावा लागतो. दुबळ्या अंगठ्याखालून तो निसटला की गोळी सुटलीच. म्हणून रिकाम्या हत्यारावर आम्ही हेच पहिले शिकलो. नळी वाळूने भरलेल्या बादलीकडे, डाव्या हाताचा अंगठा घोडा आणि चौकटीच्या मध्ये आडवा, मग चाप दाबून घोडा त्या अंगठ्यावर टेकवायचा, चाप सोडायचा, आणि मगच अंगठा काढायचा. समोर माणूस उभा ठाकल्याशिवाय घोडा चढवायचाच नाही, हा दुसरा नियम. कोणी सांगेल, मिस्त्रीकडून स्प्रिंग ढिली करून घ्या. अजिबात करू नका. ढिली स्प्रिंग टोपीवर पुरेशा जोराने आपटत नाही आणि ऐन वेळी नुसता 'टक्' आवाज येतो.

खऱ्या गोळ्यांचा सराव परवाना आल्यावर, रायफल क्लबच्या मैदानावरच. तोवर डमी काडतुसे पुरतात. सरावाआधी हात कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवले की बोटे मोकळी होतात. सांधे सुजलेले असतील त्या दिवशी सराव करू नये.

घरात नातवंडे येत असतील तर हत्यार कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. आणि दुखऱ्या बोटांनी ते कुलूप अंधारात उघडते का, हेही पाहा. आमच्या सौ.ला बारीक किल्ली फिरवता आली नाही, तेव्हा आकड्यांचे कुलूप आणले. घरात कोणी पिणारा असेल, किंवा कर्जाने, दुखण्याने कोणाचे मन खचले असेल, तर हत्यार आणूच नका. चोर वर्षातून एखाद्या रात्री येईल, खचलेला माणूस रोज त्या कुलपाजवळून जातो. आपल्या शेतकरी घरांत याहून जास्त सांगायची गरज नाही.

आणि पंपाची मोटर किंवा शेळी नेणाऱ्यावर गोळी झाडायला कायद्याने मुभा दिली आहे, असे समजू नका. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत दिला आहे, तो एखाद्या जाणत्या वकिलाकडून समजून घ्या. आधी दाराची कडी, अंगणातला दिवा, कुत्रा, ११२ नंबर, आणि ज्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणेचा फोन सुरू आहे तिथे तो. हत्यार या सगळ्यांच्या नंतर.

सौ.चा अर्ज तिच्या नावाने गेला आहे. पोलिसांची चौकशी झाली, पोलीस पाटलांनी सांगायचे ते सांगितले. परवाना द्यायचा की नाही ते जिल्हाधिकारी ठरवतील. तोवर ती रोज पहाटे, धारेच्या आधी, दाराच्या कडीला काटा लावून बोट ओढते आणि दुधाच्या वहीतच शेवटच्या पानावर आकडा लिहिते. दिवाळीत तीन किलो होता. परवा थंडी वाढली तेव्हा पावणेतीन. अडीचच्या खाली आला तर अर्ज मागे घ्यायचा, असे तिने मला सांगून ठेवले आहे.