वाडीची राखण

आमच्या सिंधुदुर्गात पावसाळी भाजीचं परडं राखायला वेगळा माणूस लागत नसे. मिरगात घरामागे मांडव उभा राही. त्यावर पडवळ, दोडकी, कारली आणि आईचा जीव ज्याच्यात अडकलेला असे, ते तवसं, म्हणजे पावसाळी काकडी. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटवीच्या लाकडी चौकटीला बांधायचं तवसं घरचंच हवं, असा तिचा हट्ट. भोवती दगडांचा गडगा, वर करवंदीच्या काट्यांची वई. ती गुरांपुरती. माकडांना काटे कसले अडवतात! पहिल्या घरातल्या आजीला आंब्यावर हुप्प्या दिसला, की ती पत्र्याचा डबा बडवी. मग पुढच्या घरातले कुत्रे उठत, त्यापुढच्या घरातली पोरं गलोल घेऊन धावत. कळप वाडी ओलांडून जाईपर्यंत ओरडा थांबत नसे.

डुक्कर तर परड्यापर्यंत पोचतच नसे. वर डोंगरात नाचणी-वरीची शेतं होती, त्यांत राखणीचे माळे होते. रात्रभर शेकोटी आणि हाकारे. खालच्या भाज्या वरच्या जागरणावर वाचत होत्या, हे मला फार उशिरा उमगलं.

1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि डोंगरांवर काजू, हापूस उभे राहिले. त्या झाडांनी घरं सावरली, त्यांना मी बोल लावणार नाही. पण नाचणी गेली, तिच्याबरोबर माळे गेले. पोरं मुंबईला गेली, घरांना कुलपं लागली. बागांखाली वर्षभर रान माजतं आणि डुकरं दिवसाही तिथेच लपून राहतात. गवेसुद्धा आता वाडीच्या तोंडाशी येतात.

आज परड्याभोवती झटका मशीनची तार आहे. पण श्रावणात ऊन नसलं की सौरबॅटरी भरत नाही, आणि वाढलेलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो. माकड तर फांदीवरून थेट मांडवावरच उतरतं. कोणी मासेमारीची जुनी जाळी पांघरतं, कोणी पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढतं. त्या बारांनी डोळे गेल्याच्या बातम्या वाचल्यापासून मी तो पाइप घरात ठेवू देत नाही. पिकांच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, पण मांडवावरच्या चार पडवळांसाठी पंचनामा करायला कोण जाणार? म्हणून बऱ्याच घरांनी भाजी सोडून हळद लावली, तिला डुक्कर सहसा तोंड लावत नाही. माटवीचं तवसं कुडाळच्या बाजारातून येतं.

वाडीत उरलेल्या बायकांनी यंदा वेगळा विचार केला आहे. प्रत्येकीने आपापलं परडं राखण्यापेक्षा जिथे अजून चार माणसं नांदतात, त्या घराजवळ सगळ्यांचा मिळून एकच मांडव घालायचा. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाळीने बसायचं. बियाणं माझ्याकडचं, आईने राखेत घोळून ठेवलेल्या वाणाचं. डबा बडवायला शेजारच्या काकी पहिल्या बसणार आहेत.