डब्यावरची चिठ्ठी आणि आतले नाव

आमच्या घरी डब्यावर ‘साखर’ लिहिलेले असते आणि आत मीठ निघते, असे वर्षातून एकदा तरी होतेच. चहा ओतून द्यावा लागतो, दोन शब्द बोलले जातात आणि विषय मिटतो. कचेरीत आमच्या हातून हीच चूक झाली तेव्हा मात्र विषय तीन आठवडे मिटला नाही.

गोष्ट २००४ सालची. आम्ही तेव्हा मुंबईतल्या एका मोठ्या कचेरीच्या संगणक विभागात टेप-लायब्ररीचे कारकून होतो. बी.कॉम. झालेल्या माणसाला तिथे काय काम, असे पुष्कळजण विचारीत. काम रजिस्टरचेच. मेनफ्रेम नावाचे ते अवाढव्य यंत्र आपला जुना हिशेब चुंबकीय टेपवर ठेवी. पूर्वी या टेपची मोठाली चाके असत. १९८४ साली आयबीएमने तळहाताएवढ्या चौकोनी डबीत टेप आणली, तिला कार्ट्रिज म्हणतात. आमच्या रॅकवर अशा कार्ट्रिज ओळीने उभ्या असत आणि प्रत्येकीच्या कडेला सहा अंकांच्या नंबराची चिठ्ठी. ती चिठ्ठी आम्ही हाताने लिहून चिकटवीत असू.

पण यंत्राला ती चिठ्ठी दिसत नाही. त्याला टेपच्या आत, अगदी सुरुवातीला चुंबकाने लिहिलेले लेबल दिसते. ८० अक्षरांचे पहिले लेबल म्हणजे व्हॉल-वन, त्यात टेपचा नंबर. पुढचे हेडर-वन, त्यात फाइलचे नाव (नाव ४४ अक्षरांपर्यंत असू शकते, लेबलात त्यातली शेवटची १७ मावतात) आणि टेप कोणत्या तारखेपर्यंत पुसायची नाही ती तारीख. तारीख म्हणजे साल आणि त्या सालातला कितवा दिवस. ९९३६५ लिहिले की ‘कधीच पुसू नका’ असा अर्थ धरीत. १९९९ साल उजाडले तेव्हा खरोखरच ९९ सालचा ३६५वा दिवस येणार होता, आणि या युक्तीची अनेकांना धास्ती वाटली होती. असो.

त्या वर्षी पावसाळ्यात दमटपणाने चिठ्ठ्या सुटू लागल्या. आम्ही एका दुपारी नव्या चिठ्ठ्या लिहायला बसलो. टेबलावर दोन कार्ट्रिज शेजारी शेजारी होत्या, ००१४२७ आणि ००१४७२. पहिली रिकामी, वापरायला मोकळी. दुसरीवर कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या वर्षअखेरच्या शिल्लक रकमा. दोघींच्या चिठ्ठ्या आम्ही अदलाबदल करून चिकटवल्या. त्याच वेळी चहा आला होता, एवढे आठवते.

काही दिवसांनी रात्रपाळीत एका कामाला कोरी टेप हवी होती. ऑपरेटर म्हणून आमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. रजिस्टरमध्ये १४२७ मोकळी, रॅकवर १४२७ची चिठ्ठी. काकांनी ती चढवली. आत होती १४७२. यंत्राने तारीख वाचली, मुदत संपलेली नव्हती, म्हणून त्याने पडद्यावर प्रश्न टाकला: वापरायची असेल तर ‘यू’, काढायची असेल तर ‘एम’. त्या ओळीत टेपचा खरा नंबरही होता. पण रात्रीचे दोन वाजलेले, आणि हा प्रश्न रोज दहादा येई, कारण आमच्याकडे मुदती सढळ हाताने टाकलेल्या असत. काकांनी नेहमीप्रमाणे ‘यू’ दिला. निधीच्या शिलकीवर दुसऱ्याच कामाची फाइल बसली.

तीन दिवसांनी निधी शाखेने १४७२ मागितली. चिठ्ठी बघून चढवली तर यंत्राने बाहेर टाकली, आतला नंबर जुळेना. मग शोधाशोध. आतून १४७२ असलेली सापडली, पण काम ८१३-०४ हा दोष देऊन पडले. याचा अर्थ, मागितलेल्या फाइलचे नाव हेडर-वनमधल्या नावाशी जुळत नाही. पडद्यावर दोन्ही नंबर एकाखाली एक दिसले आणि आमच्या पोटात गोळा आला. ताळेबंद जमत नसला की फरकाला ९ने भागून बघावे, भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे पडलेत, हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. १४७२ वजा १४२७, पंचेचाळीस.

मेमो मात्र काकांना मिळाला, कारण ‘यू’ त्यांनी दिला होता.

इथे लपवण्यासारखे काही नाही. आम्ही दोन दिवस गप्प राहिलो. रविवारी आम्ही वस्तीतल्या वाचनालयात लोकांचे अर्ज भरून देतो. त्या रविवारी एक ताई आल्या. त्यांचे पती आमच्याच कचेरीत कामगार होते, महिन्यापूर्वी वारले. निधीचा अर्ज आम्हीच भरला होता. “दादा, पैसे कधी येतील? शाखेत सांगतात, मशीनमधला हिशेब सापडत नाही,” त्या म्हणाल्या. दुसऱ्याला हक्क मागायला शिकवणारे आम्ही, त्यांच्यासमोर मान वर करता येईना. सोमवारी साहेबांपुढे जाऊन चिठ्ठीचे खरे काय ते सांगितले. काकांचा मेमो मागे घेतला गेला नाही, सौम्य झाला. आमची एक वार्षिक वेतनवाढ थांबली. घरी सौ. म्हणाल्या, “थांबू दे. झोप तर लागेल.”

मागच्या वर्षाची टेप शाबूत होती. तिच्यावर बारा महिन्यांच्या कपातीच्या याद्या पुन्हा चढवून शिल्लक काढली. आम्ही रोज संध्याकाळी थांबून याद्या ताडून पाहिल्या. त्या ताईंचे खाते आम्ही मुद्दाम आधी घेतले, हे नियमात बसत नसेल.

यानंतर प्रश्न आला की पुढे काय. प्रणालीचे काम बघणाऱ्या एका तरुण प्रोग्रामरने आम्हाला पहिल्यांदा एक्झिट रूटीन समजावून सांगितले. यंत्राची मुख्य प्रणाली टेपचे काम करताना ठरावीक जागी क्षणभर थांबते: टेप चढवल्यावर, लेबलात विसंगती दिसल्यावर, फाइल तपासताना, फाइलचे काम सुरू करताना. तिथे ती विचारते, तुमच्या घरचा काही नियम आहे का? नियम नसेल तर नेहमीच्या वाटेने जाते. असेल तर तो छोटा प्रोग्राम चालतो आणि एक आकडा परत देतो. त्या आकड्यावरून ठरते की पुढे जायचे की टेप नाकारायची. लेबल विसंगत असेल तर नवे लेबल लिहू द्यायचे की नाही, हेही तिथेच ठरवता येते. हा प्रोग्राम प्रणालीच्या पोटात चालतो, म्हणून तो नीट लिहिला नाही तर एका टेपचे नव्हे, सगळ्यांचेच काम अडते.

बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सुचवले की पडद्यावरच्या प्रश्नांचा रात्री त्रास होतो, तर एक्झिटनेच परस्पर ‘वापरा’ म्हणून मोकळे व्हावे. कारकुनाने बैठकीत बोलू नये असा तिथे रिवाज होता. आम्ही बोललो. म्हटले, साहेब, प्रश्न जास्त येतात कारण आपण मुदती चुकीच्या टाकतो. त्या दुरुस्त करा. ओरडणाऱ्याचे तोंड बांधून चोर जात नाही. आणि मुदत शिल्लक असलेली टेप ऑपरेटरला विचारूच नका, सरळ नाकारा. रात्री दोनला थकलेल्या माणसासमोर ‘यू’ ठेवायचा आणि सकाळी त्यालाच मेमो द्यायचा, हे बरे नव्हे.

काका कोपऱ्यात बसले होते, काही बोलले नाहीत.

तसेच झाले. मुदत न संपलेली टेप कोरी म्हणून चढली तर एक्झिट ती बाहेर टाकी आणि नोंद ठेवी. लेबल विसंगत असेल तर त्यावर नवे लेबल लिहायला मनाई. खरोखर पुसायची असेल तर दिवसा, दोन सह्यांनी. ९९३६५च्या टेपांची वेगळी यादी केली, त्यातल्या बऱ्याच कशासाठी जपल्या होत्या हे कोणालाच सांगता आले नाही. शिवाय रॅकवरची प्रत्येक कार्ट्रिज चढवून आतला नंबर वाचायचा आणि चिठ्ठीशी ताडायचा, हे काम आम्ही मागून घेतले. रोज थोड्या थोड्या करीत होतो.

निम्मे रॅक झाले असतील. एका रात्री घरी फोन वाजला. काका होते.

“अरे, मशीनने टेप बाहेर टाकली बघ. आत नंबर वेगळा आहे.”

“कोणत्या रॅकवरची, काका?”

“तू अजून तपासली नाहीस त्या. झोप आता, सकाळी ये. मी बाजूला काढून ठेवली आहे.”

सकाळी गेलो. कार्ट्रिज त्यांच्या टेबलावर रुमालाखाली ठेवलेली होती. चिठ्ठीवरचे अक्षर आमचेच होते.