खरं हाय, पर ते आमचं

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, निराधारांची पेन्शन. दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर टेकवायचे, आधारचा नंबर टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारायचा. हजारो माणसांची माहिती या हातांखालून गेली. ती त्या माणसांची आहे, हे मात्र बरीच वर्षं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, हे मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, यावर सुप्रीम कोर्टात सुनावणी चालली होती. तेव्हा हॉटेलात पेपर वाचता वाचता मी म्हणालो होतो, "ज्याच्या पोटात पाप, त्यालाच लपवायची गरज. गरिबाला रेशन पाहिजे, खासगीपणा घेऊन तो काय करणार?" २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं हा हक्क मान्य केला. तरी मला ते शहरातल्या शिकलेल्या लोकांचे चोचलेच वाटले.

त्याच काळात मी गावाची वेबसाइट करत होतो. स्वतःच्या पैशानं डोमेन घेतलं, रात्री दुकान बंद केल्यावर बसून पानं तयार केली. एसटीच्या वेळा, कोणत्या योजनेला कोणती कागदं लागतात, रस्त्याचं काम कोणत्या गुत्तेदाराला किती रुपयांत गेलं, आणि याद्या. अनुदानाच्या, घरकुलाच्या, शेतकरी आत्महत्यांच्या मदतीच्या. हेतू चांगला होता, हे आजही म्हणतो. आपलं नाव आलं का, एवढं बघायला म्हाताऱ्या माणसानं अख्खा दिवस मोडून तालुक्याला का जावं?

या याद्या मला पीडीएफमध्ये मिळाल्या होत्या. काही वाकड्यातिकड्या स्कॅन केलेल्या, काही जुन्या फॉन्टमध्ये. नेटवर कितीही शोधलं तरी त्यातलं एकही नाव सापडलं नसतं. मी रात्री जागून एकेक ओळ युनिकोडमध्ये टाइप केली. मराठीत नाव टाकलं की क्षणात सापडतं, याचा मला फार आनंद झाला होता.

२०१९ च्या उन्हाळ्यात एक काकू दुकानात आल्या. दरवर्षी येतात, हयातीच्या दाखल्यासाठी. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. मुलगी पुण्यात नर्सिंगला होती, तिनं एक फोटो पाठवला होता. काकूंना वाचता येत नाही. म्हणाल्या, "बापू, यात काय लिवलंय ते वाचून दाखव बरं. पोरगी फोनवर नुसती रडायली."

तो माझ्याच पानाचा फोटो होता. मी वाचायला लागलो. काकूंच्या नवऱ्याचं नाव, गाव, तारीख. पुढे "कारण: आत्महत्या". पुढे "निर्णय: पात्र". पुढे "मदत: १ लाख". शेवटची ओळ मला मोठ्यानं वाचवली नाही. पात्र म्हणजे काय, ते या धंद्यात असल्यानं मला पाठ होतं. जमीन आणि कर्जाची कागदं जुळली तर मरण पात्र. मग वारसाला ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. टाइप करताना ती माझ्यासाठी एका रकान्यातली नोंद होती. बाई समोर उभी असताना तीच नोंद तोंडानं उच्चारावी लागली.

होस्टेलवर कोणीतरी सहज मुलीचं आडनाव आणि गावाचं नाव टाकून बघितलं होतं. वडील आजारानं गेले, असं तिनं मैत्रिणींना सांगितलं होतं.

"हे कोनं लिवलं?" काकूंनी विचारलं.

"मीच," म्हणालो. आणि लगेच जोडलं, "पण काकू, यादी तर आधी भिंतीवरही लागली होती. आणि खोटं काही नाही त्यात."

त्या चिडल्या नाहीत. "खरं हाय रे बापू. पर ते आमचं हाय. कोनाला सांगायचं, ते माझ्या लेकीला ठरवू द्यायचं होतंस."

मी ते पान तिथंच काढलं, दोन मिनिटं लागली. शोधात मात्र ते नाव पुढे बरेच दिवस दिसत राहिलं.

भिंतीचा तो दाखला देताना मला लाज कशी वाटली नाही, याचा मी नंतर फार विचार केला. भिंतीपुढे उभं राहून यादी वाचणारा माणूस गावाला दिसतो. पावसाळ्यात कागद गळून पडतो. माझ्या पानावर वाचणारा कोणालाच दिसत नव्हता आणि कागद कधीच गळणार नव्हता. गरिबाला खासगीपणा कशाला, असं म्हणणारा मी, गावातल्या सगळ्यात गरीब घराचं दुःख जगापुढे मांडून बसलो होतो. विचारावं, असंही मला वाटलं नाही, कारण ती बाई आपल्याला 'नाही' म्हणू शकते, हेच मी मनात धरलं नव्हतं.

त्यानंतर सुप्रीम कोर्टाचा तो निकाल नीट समजून घेतला. खासगीपणा हे उच्चभ्रूंचं खूळ आहे, हा युक्तिवाद कोर्टासमोरही झाला होता आणि न्यायाधीशांनी तो स्पष्ट शब्दांत फेटाळला होता. माझं हॉटेलातलं वाक्य मला तिथं सापडलं.

पण म्हणून सगळंच झाका, असंही मला म्हणायचं नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं माहिती अधिकाराच्या कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं. आधी सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध असेल तर वैयक्तिक माहितीही मागता यायची. नव्या मजकुरात ती अट गाळून वैयक्तिक माहिती सरळ वगळली आहे. याची मला भीती वाटते. उद्या रस्त्याच्या बिलावरचं नावही 'वैयक्तिक' म्हणून नाकारलं जाईल. गुत्तेदाराचं नाव माझ्या पानावर आहे आणि राहील. त्यानं गावाचा पैसा घेतला आहे. काकूंनी फक्त नवरा गमावला होता.

आता माझ्या साइटवर योजनांचे आकडे आहेत, लाभार्थ्यांची नावं नाहीत. ज्याला स्वतःचं नाव बघायचं असेल, तो दुकानात येतो आणि मी त्याला एकट्याला दाखवतो. तुम्हीही गावाचं पान किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप चालवत असाल, तर आज रात्री त्यातल्या याद्या उघडा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचा, ते माणूस समोर उभं आहे असं समजून.