कोड खुला झाला, पण तो वाचणार कोण?

२६ मे २०२० रोजी केंद्र सरकारने दिल्लीत ‘आरोग्य सेतू’ ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड सर्वांसाठी खुला केला. त्या वेळी ॲपचे वापरकर्ते ११ कोटींहून अधिक होते. उणिवा शोधणाऱ्यांना बक्षिसेही जाहीर झाली. मला मात्र सरकारी निवेदनातील एक वाक्य अधिक मोलाचे वाटले: सुचवलेला प्रत्येक बदल ‘पुल रिक्वेस्ट’च्या परीक्षणातून जाईल आणि ही व्यवस्था राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र सांभाळेल.

पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा हा बदल तपासून मूळ कोडमध्ये घ्यावा’ अशी विनंती. ती स्वीकारणाऱ्यास मेंटेनर म्हणतात. स्वीकारल्या क्षणापासून त्या बदलाचे उत्तरदायित्व त्याचेही असते.

दिल्ली परिसरातील एका संशोधन संस्थेत काम करताना मी ग्रहकक्षांचे गणित करणारा एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प सांभाळते. एका विद्यार्थ्याने त्यातील लीपफ्रॉग पद्धतीच्या जागी चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत सुचवली. हजार पावलांच्या साऱ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या, अचूकताही वाढलेली दिसली. “मग अडले कुठे?” असे त्याने विचारले. मी त्याला तेच गणित दहा लाख पावले चालवून एकूण ऊर्जेचा आलेख काढण्यास सांगितले. लीपफ्रॉगमध्ये ऊर्जेतील त्रुटी एका मर्यादेत वरखाली होत राहते. रुंगे-कुट्टामध्ये ती एकाच दिशेने साचत जाते. दोन दिवसांनी त्याने आपला बदल मागे घेतला आणि ऊर्जेची दीर्घ चाचणी लिहून पाठवली. ती आज त्याच्या नावाने प्रकल्पात आहे.

तिथे हेतू शुद्ध होता. तो नेहमीच तसा असेल असे नाही. ‘एक्सझेड’ या संपीडन-प्रणालीचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. ‘जिया टॅन’ नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे उपयुक्त काम करून विश्वास मिळवला, मेंटेनरचे अधिकार मिळवले आणि चोरदार पेरले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, म्हणून ते उघडकीस आले. ते सक्रिय करणारा एक दुवा गिटमधील उघड कोडमध्ये नव्हताच. तो केवळ वितरित संचात होता. म्हणजे जे तपासले तेच वितरित होते आहे ना, हे पाहणेही परीक्षणाचाच भाग ठरते. नागरिकांच्या फोनमधील ॲपलाही हाच निकष लावायला हवा.

शोधनिबंधांची मोजदाद होते. परीक्षणात गेलेल्या तासांची सहसा होत नाही. ती झाल्याशिवाय हे काम एकट्यादुकट्याच्या खांद्यांवरून उतरणार नाही. विद्यार्थिमित्रांनो, आवडत्या प्रकल्पात कोड पाठवण्याआधी इतरांचे प्रलंबित बदल वाचा, चालवून पाहा आणि काय आढळले ते तिथे लिहा. मेंटेनरला सर्वाधिक गरज त्याचीच असते.