रात्रीचा भात

आमच्या घरचें सोवळें हा आळींत थोडा कौतुकाचा व थोडा थट्टेचा विषय आहे. थोरल्या काकूंच्या पातेल्यावर पारोशा माणसाची सावलीहि पडावयाची नाहीं. अशा घरांत गेल्या वैशाखांत, आमच्या चिरंजीवांच्या मुंजीच्या दुसऱ्या दिवशीं, पांच माणसें एकदम अंथरुणाला खिळलीं.

सकाळीं नऊ वाजतां आदल्या रात्रीचा भात फोडणी देऊन सर्वांनीं चवीनें खाल्ला होता; बारा वाजण्यापूर्वींच उलट्या सुरू झाल्या. लहान भाच्याचे खोल गेलेले डोळे पाहून आमचा तर धीरच सुटला. अशा वेळीं घरांत अपराधी शोधला जातो, आणि तो बहुधा सर्वांत धाकटा असतो. धाकट्या सूनबाईनें पारोशानेंच पाणी भरलें होतें, एवढें निमित्त पुरें झालें. ती बिचारी डोळ्यांना पदर लावून माजघरांत बसली. आणि लिहावयास लाज वाटते, आम्हीहि त्या वेळीं गप्पच राहिलों.

डॉक्टरांनीं पाण्याची चौकशी केली, पण ते थांबले भातापाशीं. रात्रभर तो कोठें होता? ओट्यावर, मोठ्या पातेल्यांत, झांकून. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या, यावरून त्यांनीं 'बॅसिलस सिरियस' या जंतूवर बोट ठेवलें. त्याचे बीजाणु मुळांत तांदळांतच असतात व उकळीलाहि दाद देत नाहींत. भात तासन् तास कोमट राहिला कीं जंतू वाढतात व विष निर्माण करतात. तें विष १२१ अंश सेंटिग्रेडलाहि टिकतें. मग आमच्या हिंग-मोहरीच्या फोडणीची काय कथा! इंग्लंडांत १९७१ सालीं हा प्रकार उघडकीस आला, तो चिनी उपाहारगृहांतील परतलेल्या भातामुळें. आमच्या काकूंचें सोवळें आणि तेथलें ओवळें, जंतूंना दोन्ही सारखींच!

"मग वास कसा आला नाहीं?" हा काकूंचा प्रश्न रास्त होता. पण या विषानें भाताचा वास वा चव बदलतेच असें नाहीं.

आतां उरलेला भात परातींत पसरून निववितात व तासाभरांत उथळ डब्यांतून फ्रीजमध्यें ठेवतात. त्या फ्रीजला काकू आजवर ओवळ्याचें कपाट म्हणत. सूनबाईची क्षमा कोणी मागितली नाहीं. आमच्या घरांत तशी रीत नाहीं. मात्र रात्रीं जेवणें आटोपलीं कीं काकू तिलाच हांक मारतात, "अग, भात निवला का, पाहा बरें."