बारावा फोटो

आईचा एकच फोटो आहे माझ्याजवळ. चूल, तवा, थापलेली भाकरी आणि आई. वर वळचणीला एक मोकळा खिळा. फोटो बघणाऱ्याला तो दिसतही नाही. मला मात्र आता आधी तो खिळाच दिसतो.

सांगतो.

साल १९७९. मी कोरेगावचा, साताऱ्याला कचेरीत चिकटलेला. पगारातून चार पैसे मागं टाकून एक जुना आग्फा क्लिक थ्री घेतला होता. एकशेवीसचा रोल, बारा फोटो. मागच्या तांबड्या खिडकीत आकडा बघत चावी फिरवायची. ऊन असलं तर एक खूण, ढग असला तर दुसरी. एवढीच अक्कल त्या डब्याला. घरातल्या काळोखात तो आंधळा. आणि जवळ गेलात तर माणूस पुसट येणार, आठ-दहा फूट लांब उभं राहायचं.

दिवस नामांतराचे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. इकडं आम्हीही रस्त्यावर उतरलेलो. एका मोर्चात मी अकरा फोटो काढले. मुठी, निळे झेंडे, फाटकी चप्पल घालून बोंबलणारे आम्ही. एक फोटो उरला. रोल धुवायला टाकायची घाई. रविवारी घरी आलो, आई चुलीपुढं.

"आये, फोटू काढतो तुजा."

"माजा काय काडतूस? भितीवरल्या बाबासायबाचा काड की."

ऐकलं नाही. आत उजेड नव्हता, म्हणून अंगणातल्या चुलीवर तवा ठेवायला लावला. मागं सरकत सरकत पार उकिरड्यापर्यंत गेलो. कॅमेऱ्यातून बघितलं. आईच्या डोक्यावर दोरी, दोरीवर चान्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मटणाच्या लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, कडक उन्हात दोरीवर वाळवायच्या. लाकडासारख्या झाल्या की गाडग्यात भरून ठेवायच्या. आखाडात हाताला काम नसलं की हीच आमची बँक. निखाऱ्यावर भाजून खा, नाहीतर घेवड्याच्या कोरड्यासात टाका. आई दुसऱ्याच्या रानात वाघ्या घेवडा उपटायला, बडवायला जायची. मजुरीत पायलीभर घेवडा मिळायचा. त्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात त्याच्या रंगाचं, चवीचं कौतुक आलं. तो बडवणाऱ्या बायांच्या हाताचं कौतुक मी काही वाचलं नाही.

तर दोरी.

"आये, ती दोरी काड जरा."

"का गा? वाळत्यात की."

"फोटूत येत्याल."

"मग येऊंद्यात. चोरून आनल्यात व्हय?"

मी गप्प. आईनं माझ्याकडं बघितलं. उठली, एकेक चानी काढून सुपात ठेवली, वर फडकं टाकलं. परत चुलीपुढं बसली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता बरं दिसंल न्हवं तुज्या कचेरीतल्यास्नी?"

कचेरीचं नावही मी काढलं नव्हतं.

मी खटका दाबला.

फोटो आले. मोर्चाचे मी ट्रंकेत ठेवले. आईचा मात्र कचेरीत नेला. एक सहकारी बघून म्हणाला, "अरे, तुमची आई अगदी आमच्यातलीच वाटते की!" आणि मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चहा मीच पाजला त्याला. रात्री खोलीवर पडल्या पडल्या मात्र ते वाक्य पोटात गेलेल्या खड्यासारखं टोचायला लागलं. मोर्चात मूठ वळणारा मीच, आणि दोरी काढायला लावणाराही मीच.

मनाची समजूत घालायला मी एक युक्तिवाद तयार केला. बाबासाहेबांनीच नाही का सांगितलं? १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून बजावलं. पण तो युक्तिवाद टिकला नाही. आमच्या घरानं मेलेलं ओढणं आणि खाणं कधीच टाकलं होतं. आईच्या दोरीवरचं मटण दुकानातलं, रोख पैसे मोजून आणलेलं. म्हणजे माझी लाज बाबासाहेबांकडून आलेली नव्हती. ती कचेरीतून आली होती. बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली, आईला झाकायला नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हातात पडलं. त्यांच्या पश्चात १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते पुस्तिकेच्या रूपात छापलं. पहिल्याच प्रकरणात कोरेगाव! माझी छाती फुगली. मग नीट वाचलं. कोरेगाव खरं, पण खटाव तालुक्यातलं लिहिलेलं. चरित्रांतून त्याच गावाला गोरेगाव म्हटलंय. पोरं उतरली मसूर स्टेशनावर. आमचं कोरेगाव तर स्वतःच तालुक्याचं ठिकाण, स्वतःचं स्टेशन असलेलं. म्हणजे ते आमचं गाव नव्हे. छाती जाग्यावर आली. पण वाचायचं थांबलो नाही, कारण त्यात चूल होती.

१९०१ ची गोष्ट. आई भीमाबाई साताऱ्यातच गेलेली. रामजीबाबा तिकडं दुष्काळी कामाच्या तलावावर कॅशियर. साताऱ्यात भीमराव, त्यांचा भाऊ आणि मेलेल्या थोरल्या बहिणीची दोन पोरं. आत्या मायाळू, पण पायानं अधू. मग ही चार पोरं शाळा करून स्वतःच रांधायची. भाकरी जमेना. तांदळात मटण घालून पुलाव करायची, कारण तोच सोपा.

मग सुट्टीत बापाकडं जायचं ठरलं. नवे कपडे, जरीच्या टोप्या. मसूरला स्टेशनमास्तरनं जात विचारली आणि त्याचं तोंड फिरलं. गाडीवान दुप्पट पैसे घेऊनही पोरांच्या शेजारी बसेना. पोरांनी गाडी हाकली, तो पायी चालला. डबा भरलेला होता. पण पाण्याचा घोट कुठं मिळेना. जे होतं त्यात शेणामुताचा वास. टोलनाक्यावर मुसलमान आहोत असं सांगूनही पाणी नाही. पोरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

एवढा मोठा माणूस. घटनेचा शिल्पकार. जगाला आपला देश काय आहे हे सांगायला बसला तेव्हा त्यानं काय निवडलं? पुलाव, आत्याचे अधू पाय, न खाल्लेला डबा. घरातलं काही झाकलं नाही. दोरी काढली नाही. तो डबाच त्यांनी पुरावा म्हणून पुढं ठेवला.

आणि मी पुरावा सुपात घालून त्यावर फडकं टाकलं.

आता आई नाही. २०१५ पासून राज्यात गोवंशहत्या बंदी आहे. आमच्या वस्तीत चान्यांची दोरी दिसत नाही. नातवाच्या मोबाईलमध्ये हजार फोटो मावतात, काळोखातलेही निघतात. पण काढायला ते अंगण नाही, ती दोरी नाही. माझ्याकडं बारा संधी होत्या. अकरा चौकाला दिल्या, त्याचं दुःख नाही. बारावी मी कचेरीला दिली, त्याचं आहे.

गरिबीचं कौतुक करा असं मी म्हणत नाही. चान्या खाव्या लागू नयेत, हवं ते खाता यावं, यासाठीच लढाई आहे. पण तरुण कार्यकर्त्यांनो, जयंतीचे आणि मोर्चाचे फोटो काढून झाले की एकदा घरात वळा. आईला विचारा आज काय शिजतंय, तिची आई काय शिजवायची, मजुरीत काय मिळायचं. लिहून घ्या. फोटो काढा. आणि काढताना तिला काही उचलायला सांगू नका.

माझ्या फोटोतला खिळा मी कुणाकुणाला दाखवतो. इथं काय होतं ते सांगतो. फोटोत नाही ते तोंडानं भरून काढतो. दुसरं काय हातात आहे?

जयभीम.